खुर्चीत बसायचा खेळ

लाकडाच्या वखारीची लांबच लांब भिंत संपली, तेव्हा कुठे बारकीने मागे वळून पाहिलं.

"वहिनी, दमलीस?"

"दमले असते तर तुझ्या भावासारखी मघाशीच बसमध्ये चढले नसते का?"

ती हसली नाही. एरवी भावाची चेष्टा म्हणजे तिला कोण आनंद! आज तिने नुसते हात जाकिटाच्या खिशात आणखी खोल खुपसले आणि ती चालू लागली. मीही मागोमाग निघाले. अर्धी वाट अजून बाकी होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी तिला घरात बसवत नाही. दुपारची जेवणं उरकली की निघायचं, कालव्याच्या कडेकडेने पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि उजेड आहे तोवर परतायचं. पूर्वी आमचे हे तिच्यासोबत जायचे. "खेळायचं हिने आणि तळवे झिजवायचे मी," असं कुरकुरत ते निम्म्या वाटेतच बसथांबा शोधायला लागले. मग हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

बारकी माझी धाकटी नणंद. घरातलं शेंडेफळ म्हणून बारकी, नाहीतर आता चाळिशीला टेकली आहे. ती पूल खेळते, म्हणजे क्यू नावाच्या लांब काठीने टेबलावरचे बॉल कडेच्या खिशांत पाडायचा खेळ, आणि हौस म्हणून नव्हे, तर व्यावसायिक खेळाडू म्हणून. सासूबाईंना हे कुणाला सांगायची चोरी वाटते. शेजारणीने विचारलं की त्या म्हणतात, "ती ना? फर्निचरमध्ये आहे." तेही अगदीच खोटं नाही म्हणा. दिवसा ती पूलच्या टेबलांवर कापड चढवायचं काम करते. जुनं कापड फाडून काढायचं, खालच्या दगडी फरशांच्या सांध्यांत मेण भरायचं, मग नवं कापड चारी बाजूंनी असं ताणायचं की त्यावर सुरकुती शोधून सापडू नये. एकदा मी डबा द्यायला गेले, तर बाई डोळे मिटून फरशीवरून तळहात फिरवत होत्या. मला म्हणाली, "थांब, एक कण लागतोय." मला तिथे काही दिसेना. तिने नखाने उचलून दाखवला तेव्हाही मी नुसतीच मान हलवली.

पूलच्या हॉलमधली मंडळी तिला 'बर्फ' म्हणतात. खेळताना तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही म्हणून. हा बर्फ आतून कसा उकळत असतो ते घरच्यांना विचारा. सामन्याच्या सकाळी तिला चहा जात नाही, आणि चपला घालून ती न्हाणीघराच्या दाराशी नुसतीच उभी राहते.

उद्याचा सामना तर साधा नव्हता. जिंकली तर वर्षभर व्यावसायिक स्पर्धांमध्ये तिची जागा पक्की. हरली तर ती जागा गेली, आणि मग पोरासोरांबरोबर पुन्हा चाळणी फेऱ्यांपासून सुरुवात. "या वयात चाळणीतून पडले की पडलेच," असं ती एकदा भांडी पुसता पुसता बोलली होती. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पण तिला धास्ती होती ती टेबलाची नव्हे, खुर्चीची.

हे जरा समजावून सांगायला हवं. मलाही समजायला वेळ लागला. या खेळात समोरचा चुकत नाही तोवर तोच खेळत राहतो. तुम्ही भिंतीपाशी खुर्चीत बसायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, नुसतं बघायचं. धावणाऱ्याला निदान धावता तरी येतं, इथे आपलं बरंवाईट दुसऱ्याच्या हाती देऊन गप्प बसायचं. आणि बारकीच्या हातांना गप्प बसणं ठाऊकच नाही.

गेल्या वर्षीच्या मोठ्या सामन्याला आम्ही दोघं बघायला गेलो होतो. समोर होती एक पोहण्याची मास्तरीण, उंच आणि हसऱ्या चेहऱ्याची. डाव बरोबरीत आले आणि शेवटचा एकच उरला. नऊ नंबरचा बॉल ज्याने पाडला, त्याचा डाव. मास्तरणीने एकेक करत सगळे बॉल पाडले. उरला नऊ, तोही खिशासमोर सरळ. आमच्या ह्यांनी "गेलं" म्हणून सुस्कारा सोडला. मी डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यायला लागले. देवावर माझा विश्वास आहे. त्याला पूल कितपत कळतो ते मात्र मला ठाऊक नाही.

क्यूचा टोला ऐकू आला. मग नुसता खडखड आवाज, आणि अख्ख्या हॉलने श्वास ओढला. मी डोळे उघडले तर नऊ नंबर खिशाच्या ओठावर टेकून उभा. नुसती फुंकर घातली तरी पडेल असा! हे उभे राहून ओरडले, "बारके, ऊठ!"

पण पंच बारकीच्या खुर्चीकडे चालत येत होते. तिच्या एका हातात क्यूचा वरचा भाग होता, दुसऱ्यात खालचा.

क्यू मध्यावर आट्यांनी जोडलेला असतो. सामना संपला की खेळाडू तो उघडून पिशवीत ठेवतात. शेवटच्या डावात समोरचा खेळत असताना कुणी तो उघडला, तर त्याने हार मानली असा नियम आहे. बारकीने तो कधी उघडला ते तिलाही कळलं नव्हतं. हातातल्या दोन तुकड्यांकडे ती अशी बघत होती, जणू कुणी परक्याने ते तिच्याकडे ठेवायला दिले आहेत.

मास्तरीण बिचारी भली. म्हणाली, "अहो, खेळू द्या की तिला."

पंच म्हणाले, "बाई, नियम मी केलेला नाही."

त्यानंतर हॉलमध्ये चेष्टेला ऊत आला. "बर्फ, क्यूला डिंक लाव गं!" "बर्फ वितळला आणि सुटा झाला!" आमच्या ह्यांनी तर खरोखरच सुताराकडून घट्ट डिंकाची डबी आणली आणि गंभीर चेहऱ्याने तिच्यासमोर ठेवली. तीही हसली. पण तेव्हापासून ती खुर्चीत बसली की हात मांड्यांखाली दाबून धरते. बसल्या बसल्या बोटं पांढरी पडतात. मग उठून खेळायची वेळ आली की तीच बोटं क्यूवर थरथरतात, आणि लहान मुलानेही पाडावेत असे बॉल हुकतात. वर्षभर हेच चाललं होतं. जागा जायची वेळ आली ती यामुळेच.

पंपापाशी आम्ही परत फिरलो. कालव्याचं पाणी काळपट दिसायला लागलं होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं. बारकी एकदम म्हणाली, "वहिनी, सगळ्यांना वाटतं मी घाबरून उघडला."

"मग?"

"घाबरले होते तेव्हा हात घट्टच होता गं. ती एकेक पाडत होती ना, तेव्हा माझा जीव नुसता वर-खाली होत होता. हा चुकेल, हा तरी चुकेल. आशा धरून बसणं म्हणजे... हरण्यापेक्षा वाईट असतं ते. हरलं की माणूस मोकळं तरी होतं."

मी म्हटलं, "अगं, पण चुकलीच ना ती शेवटी?"

"चुकली. पण तोवर मी मोकळी झाले होते." ती थांबली. बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी वाकून तिने ती पुन्हा बांधली. "इतकं हलकं वाटलं होतं, वहिनी. कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं. त्याचीच भीती वाटते. उद्या पुन्हा तसं हलकं वाटलं तर?"

देव पाठीशी आहे, असं काहीतरी मी म्हणाले. ती पट्‌कन म्हणाली, "त्याच्याबद्दलच बोलायचंय मला. रागावणार नाहीस ना?"

"आजवर कधी रागावलेय का तुझ्यावर?"

"माझ्या साखरपुड्यात. मी पळून गेले तेव्हा."

"तो राग नव्हता. भटारखान्यात शंभर माणसांचं जेवण पडलं होतं."

आता मात्र ती हसली. पण हसू लगेच विरलं. ती माझ्याकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत बोलायला लागली.

"त्या दिवशी ती शेवटचा बॉल मारायला वाकली ना, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. म्हणून मी तुमच्याकडे बघितलं. दादाने तर मान खालीच घातली होती. त्याचं काय, तो सिनेमातसुद्धा मारामारी आली की पडद्याकडे बघत नाही. मग तुझ्याकडे बघितलं. तू डोळे मिटून बसली होतीस."

"अगं, मी तुझ्याचसाठी..."

"माहीत आहे. आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की वहिनीलासुद्धा आता बघवत नाही. म्हणजे संपलं." तिने खिशातून हात काढले आणि एकमेकांवर चोळले. "तुला दोष देत नाही हं मी. उघडला तो माझ्याच हातांनी."

रस्त्यावरचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. माझे पाय थांबले होते, ते मला कळलंही नाही. चार पावलं पुढे गेलेली बारकी परत आली आणि तिने माझा हात धरला. तिचा तळवा कापडाच्या कामाने खरखरीत झालेला आणि घामाने ओला होता.

"उद्या पुढच्याच रांगेत बस," ती म्हणाली. "देवाला काय सांगायचं ते सांग, अगदी मी हरावं म्हणून सांगितलंस तरी चालेल. पण समोरची शेवटचा बॉल मारायला वाकली की डोळे उघडे ठेव. मी तुझ्याकडे बघितलं, तर तूही माझ्याकडे बघ. जमेल एवढं?"