अ‍ॅडमिन धुळ्यात, मी जळगावात

माझी धाकटी जाऊ धुळ्याला राहते आणि मी जळगावला. मधे एरंडोल आहे, पारोळा आहे. एवढं अंतर आहे म्हणून आमचं बरं चाललंय, असं मी नेहमी म्हणायची. पण वेबसाइटला अंतर नसतं हो. ती तिच्या घरातही उघडते आणि माझ्याही.

वेबसाइट करायला मी आधी शिकले, हे पहिलं सांगून ठेवते. गुडघे दुखायला लागले, जिना चढणं कमी झालं, दुपार रिकामी राहायला लागली. मुलाचा जुना लॅपटॉप पडून होता. व्हिडिओ बघत बघत शिकले. वेबसाइट करायची एक फुकटची प्रणाली असते. ती कोण्या एका शेठची नाही. जगभरातली माणसं मिळून ती लिहितात, दुरुस्त करतात आणि सगळ्यांसाठी उघडी ठेवतात. मला तर उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, आमच्या बिबड्या, घालतात तसंच वाटलं. एकीच्या गच्चीवर काम, पण चुलीवरचा पिठाचा घाटा हाटायला, कापडावर थापायला गल्लीतल्या बठ्ठ्या बाया येतात, एकही घरी राहत नाही, आणि कोणी हिशेब मागत नाही. आपण ती प्रणाली उचलायची, वर आवडेल तो साज चढवायचा, त्याला थीम म्हणतात. जास्तीचं काही हवं असलं तर प्लगिन जोडायचं. मी आमच्या कॉलनीतल्या दातांच्या डॉक्टरणीची साइट करून दिली, गणपती मंडळाची करून दिली. आणि जाऊबाईला फोनवर शिकवलं कोणी? मीच. प्लगिन म्हणजे काय हे तिला कळत नव्हतं तेव्हा मी म्हटलं होतं, "अगं, मिक्सरला वेगवेगळी भांडी लावतो ना, तसं."

श्रावणात कानबाईच्या सणाला आमचे सगळे भाऊबंद साक्रीकडच्या गावी जमतात. रोटाच्या प्रसादाची जेवणं झाली, माणसं सुस्तावली, आणि माझे दीर म्हणाले, "आपल्या घरच्या रांधण्याची एक वेबसाइट पाहिजे. पोरं पुण्याला, बंगलोरला. त्यांना उडीद-ज्वारीची कळण्याची भाकर कोण शिकवणार?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी पदर सारखा केला. आता माझं नाव निघणार, आपण दोनदा नको म्हणायचं आणि मग हो म्हणायचं, एवढं मी ठरवूनही टाकलं.

दीर म्हणाले, "मी वेबसाइटचं नाव विकत घेऊनसुद्धा टाकलं. हिच्या ईमेलवर."

हिच्या म्हणजे त्यांच्या बायकोच्या. माझ्या धाकट्या जावेच्या. ती चुलीपाशी बसून लाजत होती. मला ते लाजणंसुद्धा सहन झालं नाही.

यजमान परत येताना गाडीत म्हणाले, "तुनं नाव कसं नही निघनं व?"

"तुमच्या भावाला विचारा," मी म्हटलं आणि पारोळ्यापर्यंत खिडकीतून कापूस बघत बसले.

या प्रणालीत ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे अधिकार असतात. सगळ्यात वर अ‍ॅडमिन, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. सगळ्यात खाली नुसतं वाचणारा सभासद. त्याच्या जरा वर जो असतो, त्याला लिहिता येतं, पण छापता येत नाही. त्याने लिहायचं आणि अ‍ॅडमिन मंजूर करेपर्यंत वाट बघायची. जावेने मला ही पायरी दिली.

मी फोन केला. "अगं, मला छापायचं बटणच दिसत नाही."

"अक्का, सगळ्या जावांना सारखंच ठेवलंय. कोणाला राग नको यायला."

सगळ्यांना सारखं! माऊस कुठून धरायचा हे माहीत नसलेली शिरपूरची चुलत जाऊ आणि मी सारखी! पण बोलणार काय? हसले आणि फोन ठेवला.

मी कळण्याच्या भाकरीवर लिहिलं. साहित्य, प्रमाण, कृती, सगळं व्यवस्थित. उडीद किती, ज्वारी किती, मीठ कधी घालायचं. पाठवलं. त्यापुढे 'प्रलंबित' असा शब्द आला आणि तिथेच बसला. सकाळी पाहिलं, प्रलंबित. भाजी फोडणीला टाकून पाहिलं, प्रलंबित. ज्या बाईला या घरात लग्न होऊन आल्यावर मी नऊवारी नेसवली, तिच्या मंजुरीसाठी मी थांबले होते. शेवटी फोन केला तर म्हणाली, "बघते अक्का, पाहुणे आलेत घरी."

छापलं तिने. पण मथळा बदलला. माझा होता, 'कळण्याची भाकरी : साहित्य व कृती'. तिने केला, 'फुगली नाही तरी खा'. खाली पोरापोरींची कौतुकाची रांग. मथळ्याचंच कौतुक. एका भाचीने तर लिहिलं, 'मोठ्या मामी, तुम्ही इतक्या विनोदी आहात हे माहीत नव्हतं!' मी विनोदी नव्हतेच मुळी. मी प्रमाण दिलं होतं.

तेव्हापासून माझं एकच मागणं होतं, किल्ल्या माझ्याकडे आल्या पाहिजेत. देवासमोर मागितलं नाही एवढंच.

पुढे दिवाळीत एका संध्याकाळी धुळ्याच्या घरी सगळे गोळा होणार होते. दीर टीव्हीवर वेबसाइट दाखवणार होते. त्या सकाळी जावेने साइट सजवायला म्हणून हलत्या फोटोंचं एक प्लगिन चढवलं आणि साइट गेली. पांढरं पान. मी इकडे चकल्या पाडत होते. फोन आला.

"अक्का, सगळं कोरं झालं. आतसुद्धा जाता येत नाही. तुमची भाकरीसुद्धा गेली!" आणि रडायलाच लागली.

खरं सांगू? मला आत कुठेतरी गोड वाटलं. तेलाखालचा गॅस बंद केला, हात पुसले.

"रडू नको. काही गेलेलं नाही, सगळं आत आहे. साइट ज्या जागेवर ठेवली, तिथला पासवर्ड दे."

तिने अक्षरं सांगितली, मी एकेक दाबलं. आत फायलींमध्ये गेले, त्या नव्या प्लगिनचं फोल्डर शोधलं आणि त्याचं नाव बदललं. नाव सापडलं नाही की प्रणाली त्याला सोडून देते आणि बाकीचं घर चालू करते.

"आता उघड."

पलीकडे आधी माऊसची टिकटिक. मग ओरडणं. मग दिरांचा आवाज, "वहिनी, वहिनी, तुम्ही धन्य!" मग जावेचा, नाक ओढत, "अक्का, किल्ल्या तुमच्याकडेच ठेवा. माझ्याच्याने नाही होत. मी आपली लिहून पाठवत जाईन, तुम्ही बघून छापा."

आणि तिने तसं केलंही. मला अ‍ॅडमिन केलं आणि स्वतः माझ्या जुन्या पायरीवर जाऊन बसली.

मी चहा करून आणला, चष्मा लावला आणि साइटच्या सगळ्या खोल्यांतून फिरून आले. मग गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीवर लिहिलं. कोणाला न विचारता, माझ्या मथळ्यासकट, स्वतःच्या बोटाने छापलं. खाली एकच ओळ आली, दिरांची. 'छान वहिनी'. दुसऱ्या दिवशीही तीच ओळ, एकटी.

त्याच आठवड्यात जावेचं लिखाण आलं. चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावरचे मांडे. प्रलंबित. आता ते माझ्याकडे प्रलंबित होतं. मी पदर खोचून दुरुस्तीला बसले. प्रमाण तर कुठेच नव्हतं. तिने लिहिलं होतं, 'पहिला मांडा खापराचा. तो बिघडणारच. तो घरातल्या सगळ्यात भुकेल्या माणसाला द्या, तो काही बोलणार नाही.' पुढे, 'मांडा हातावर मोठा करताना दुसऱ्याचा विचार करू नका. त्याला कळतं. तो फाटतो.'

मांडे मी तिच्या आधीपासून करते. खापर मी तिच्या आधी तापवलं. माझेही पहिले मांडे बिघडले आणि यजमानांनी मुकाट्याने खाल्ले. मग हे मला का नाही सुचलं? एक काना बदलावा म्हणून पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. बदलायला जागाच नव्हती. किल्ल्या असून काय करता! छापलं.

रांग लागायला वेळ लागला नाही. पुण्याची, बंगलोरची, शिरपूरच्या चुलत जावेचीसुद्धा.

यजमान आतल्या खोलीत मोबाइलवर वाचत होते. आधी हसू ऐकू आलं. मग चप्पल घासत दारात आले.

"काय लिखेल शे व! तोंडले पानी सुटनं. आज मांडा कर ना."

"मग जा धुळ्याला," मी म्हटलं.