परतीच्या पाण्यातली पट्टी

पडदा वर जातो. समोर चंदेरी पत्र्यात गुंडाळलेले जाडजूड पाइप, सांध्यांतून निसटणारी वाफ आणि मधोमध हातमोजे घालून उभी असलेली माझी भाची. मी दाराशी, पाहुण्यांना देतात ती पिवळी टोपी डोक्यावर सावरत. नाटकातले मुकुटही मला असेच मोठे व्हायचे.

लहानपणी ही पोर माझ्या प्रयोगांना विंगेत बसायची; मामा वाक्य विसरेल या धास्तीने मुठी आवळून. त्या दिवशी विंगेत मी होतो.

ती या वीजकेंद्रातली रसायनतज्ज्ञ. जमिनीच्या पोटातलं कढत पाणी वर येतं, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि उरलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा खाली सोडतात. त्या परतीच्या पाण्यात अजून पुष्कळ उष्णता असते. तीही काढून घ्या, नवी विहीर न खोदता जास्त वीज मिळेल, हा हिचा हट्ट. केंद्राच्या साहेबांच्या मागे वर्षानुवर्षं लागून तिने त्यासाठी जादा युनिट बसवून घेतलं. पण पाणी फार निवलं की त्यात विरघळलेला दगड पाइपला चिकटतो, विहीर तुंबते आणि सगळं केंद्रच बंद पडतं. म्हणून पाण्यात थोडं ॲसिड सोडायचं. कमी पडलं तर थर बसणार, जास्त झालं तर ॲसिड पाइपच खाणार.

युनिट सुरू झालं आणि तिची झोप उडाली. किटली दिसली की आतून नख फिरवून थर बघायची. माझी कवळी तेवढी सोड म्हटलं, तर हसलीसुद्धा नाही.

आत पाइपचं काय होतंय ते कळावं म्हणून परतीच्या पाइपात तिने पोलादाची एक पट्टी वजन करून टांगून ठेवली होती. ती त्या दिवशी बाहेर निघणार होती. मामा, तू नुसता उभा राहा, म्हणून मला सोबत नेलं होतं.

ऑपरेटरकाकांनी पट्टी काढली. स्वच्छ! थराचा मागमूस नाही. साहेबांनी टाळी वाजवली, मीही वाजवली. टाळी ऐकू आली की माझे हात थांबत नाहीत. भाची मात्र पांढरीफटक. तिने पट्टी वाळवली, वजनकाट्यावर ठेवली आणि आकड्याकडे बघत राहिली. पट्टी आधीपेक्षा हलकी भरली होती. ॲसिड पोलाद खात होतं.

साहेब म्हणाले, फरक जरासाच तर आहे. वीज वाढली आहे, वरच्यांना कळवूनही झालं, महिनाभर चालू दे. इतक्या वर्षांनी तुझंच म्हणणं खरं ठरतंय, त्यावर तूच पाणी ओतणार का?

तिने माझ्याकडे पाहिलं. मुठी तशाच आवळलेल्या. अडलेल्या नटाला विंगेतून वाक्य पुरवता येतं; मी नुसती टोपी सावरली.

ती काकांकडे वळली.

"काका, माझं युनिट बंद करा. ॲसिड कमी करू, नवी पट्टी टांगू. आणि मामा, तू जेवून घे, माझी वाट बघू नकोस."