घडांवरचं प्रदर्शन

ईरा आणि निहार,

हे दोघांसाठी लिहिते आहे, पण आधी ईराने वाचावं. रविवारच्या फोनवर ती एका दमात सांगत होती: दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात चित्रकला शिकायची, मग तिथले विषय धरून मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. मागून तुमच्या बाबाचा आवाज आला, ‘‘आई, तिला सांग, हा उगाच वळसा आहे.’’ फोन ठेवला आणि मला आमच्या कॉलेजातले चित्रकलेचे सर आठवले. ईराचा हा बेत त्यांच्या कानावर गेला असता तर त्यांनी खुर्ची पुढे ओढली असती, ‘‘दाखवा कागद’’ म्हटलं असतं, आणि कागद हातात येताच तो उलटा धरला असता.

सर कुठलाही कागद आधी उलटा धरायचे. विद्यार्थ्याचं चित्र तर धरायचेच. डोकं खाली, पाय वर झाले की चेहरा किती छान आलाय हे दिसत नाही, तोल कुठे गेलाय तेवढंच दिसतं, असं ते म्हणत. ही खोड त्यांनी वडिलांकडून उचलली होती. वडील मालेगावला मागावर काम करायचे आणि कापड कसं विणलंय ते बघायला आधी पालथं करायचे. ‘‘उलटं धरून बघा,’’ हे सरांचं वाक्य आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. कॅन्टीनमधला चहा बिघडला तरी कुणीतरी म्हणायचं, उलटा धरून बघा.

मी तेव्हा नाशिकमधल्या त्या छोट्या कला महाविद्यालयात आठवड्यातून काही तास इंग्रजी शिकवत असे. ईरा बालवाडीत होती आणि निहारचा अजून पत्ताच नव्हता. कॉलेज कसलं, दोन मजले, एक गच्ची आणि खाली सायकलचं दुकान. मुलं वणी, सटाणा, लासलगाव अशा गावांहून यायची. दोन वर्षं शिकून बहुतेक जण बोर्ड रंगवायला लागायचे किंवा शाळेत चित्रकला शिकवायला. सरांच्या मनात मात्र वेगळंच होतं. इथली दोन वर्षं धरून मुलांना मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला बसता यावं, पहिल्या वर्षापासून परत सुरुवात करावी लागू नये, ही त्यांची धडपड. तोपर्यंत आमच्याकडून तसं कुणी गेलेलं नव्हतं. ज्याने अर्ज केला त्याला पहिल्या वर्षाला बसा म्हणून उत्तर आलं, आणि आणखी दोन वर्षं घालवायची कुणाच्या घरची तयारी नसायची.

सुवर्णाचं नाव त्यांनी काढलं तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. सटाण्याजवळच्या एका गावातली, बारीक चणीची, बोलायला कमी. वडिलांची द्राक्षबाग; त्यांना ती नाना म्हणायची. ते तिला म्हणाले होते, एकदा प्रयत्न करून बघ, नाही जमलं तर पुढचं आम्ही बघू. पुढचं म्हणजे लग्न, हे सगळ्यांना कळत होतं.

मग आमचं टेबल सुरू झालं. दुपारची वर्गाची वेळ संपली की सर, सुवर्णा आणि मी बसायचो. सर विद्यापीठाचं शेवटचं वर्ष आधी मांडायचे. तिथे काय येणं अपेक्षित आहे? त्यासाठी तिसऱ्या वर्षाला काय लागेल? त्यासाठी आपल्याकडे आत्ता काय शिकवतो? असं शेवटाकडून मागे येत येत ते सुवर्णाच्या आजच्या तासापाशी पोचायचे. माझं काम इंग्रजीचं. आम्ही शिकवतो तो स्थिरचित्राचा तास आणि विद्यापीठ शिकवतं तो तास एकच आहे, हे विद्यापीठाला पटेल अशा भाषेत लिहायचं. मी आयुष्यभर व्याकरण तपासत आले, पण त्या दिवसांइतकी मजा मला कधी आली नाही. एखादा विषय जुळला की सर टेबलावर टिचकी मारायचे. एकदा कलेचा इतिहास काही केल्या जुळेना, तेव्हा म्हणाले, ‘‘मॅडम, हा राहू द्या. एखादी खिडकी उघडी असलेली बरी.’’

विद्यापीठाचं बोलावणं आलं ते डिसेंबरात. जानेवारीत मुलाखत, आणि येताना दोन्ही वर्षांची झटपट रेखाटनं आणा, खूप आणा, मूळ आणा. झटपट रेखाटन म्हणजे बसस्टँडवर, बाजारात, घरी, समोर दिसेल ते मिनिटा-दोन मिनिटांत उतरवायचं. त्यासाठी मुलं वर्तमानपत्राचा कोरा कागद वापरतात, कारण तो स्वस्त असतो. सुवर्णाचा हात यातच खरा होता. सर म्हणाले, शनिवारी घरी जा आणि गठ्ठे घेऊन ये.

सोमवारी ती रिकाम्या हाताने आली. दारातच उभी राहिली.

‘‘सर, नानांनी बागेला लावले.’’

मला काही कळलं नाही. सरांना कळलं. थंडीत द्राक्षाच्या घडाला गुलाबी झाक येते आणि व्यापारी तर हिरवेच घड मागतो, म्हणून तोडणीच्या आधी एकेका घडाभोवती कागद गुंडाळून पिन मारतात. त्या वर्षी नानांची रद्दी कमी पडली. माळ्यावर कागदाचे गठ्ठे दिसले. परीक्षा झाल्यावर सुवर्णानेच घरी सांगितलं होतं, त्या कागदांचं काम झालं म्हणून. नानांनी गठ्ठे सोडले आणि बागेत दिले.

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हे रागावणार. ते म्हणाले, ‘‘म्हणजे तुझं पहिलं प्रदर्शन लागलंय आणि तू आम्हाला बोलावलंही नाहीस.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘चला मॅडम, बघून येऊ.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी पूर्वीही द्राक्षबागा पाहिल्या होत्या, पण ही तशी नव्हती. मांडवाखाली ओळीने कागदाचे कोन लटकत होते, आणि त्यातल्या कित्येकांवर माणसं होती. एसटीची वाट बघणारी बाई, कांद्याच्या ट्रॅक्टरवर झोपलेला माणूस, पाणी पिणारी म्हैस. वारा आला की सगळी हलायची. सुवर्णा माझ्या शेजारी उभी होती, आणि मला दिसत होतं की तिलाही आवडतंय आणि तिला रडूही येतंय.

नाना काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, कागद निघणार नाय. व्यापारी आठवड्यात येणार, आज घड उघडे पडले तर रंग चढेल, मग वर्षभराचा माल कोण घेणार. पोरीचं वर्ष जाईल हे त्यांना कळत होतं, पण बागेचंही वर्षच होतं. एका कागदाकडे हात करून ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, ‘‘काय शे त्यामा? आमनीच म्हैस ना?’’

सर उठले. एका घडापाशी गेले, कागद न काढता खालून वर बघितलं आणि म्हणाले, ‘‘नाना, एक काढू, एक लावू. घड उघडा राहणारच नाही. कागद आम्ही आणतो, माणसं पण आम्ही आणतो.’’

नानांनी विचारलं, एवढा कागद आणणार कुठून. सरांनी माझ्याकडे बघितलं.

तुमच्या आजोबांना माझ्या एका सवयीचं फार हसू यायचं. मी इंग्रजी वर्तमानपत्रं रद्दीत देत नसे. महिन्याप्रमाणे लावून, सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवत असे. केव्हातरी लागतील, असं मी म्हणायची. त्या दिवशी घरी येऊन मी त्यांना सांगितलं, ‘‘लागले.’’ त्यांनी स्वतः गठ्ठे टेम्पोत चढवले.

सगळा वर्ग आला. कागद गुंडाळणाऱ्या बायका आधीच तिथे होत्या. आमच्या मुलांचे हात बघून त्यांची करमणूक झाली. द्राक्षाच्या मण्यांवर पांढरी भुकटी असते, ती पुसली गेली की व्यापारी तोंड वाकडं करतो, म्हणून घडाला बोट न लावता कागद बदलायचा. एक बाई आमच्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला म्हणाली, ‘‘दादा, चित्र काढतोस तसा नको काढू. लवकर काढ.’’ मलाही तिने शिकवलं. माझा पहिला कोन सुटला, दुसरा टिकला. दुपारपर्यंत अर्ध्या बागेला माझे अग्रलेख लागले होते. नाना फिरत फिरत आले आणि म्हणाले, आता आपली द्राक्षं लय शिकलेली होणार.

अडचण एक होती. काही कागदांवर चित्र आतल्या बाजूने गेलं होतं, आणि नानांच्या रद्दीतही एका बाजूने कोरे कागद होते. कुठला कागद सुवर्णाचा आणि कुठली नुसती रद्दी, ते घडाखाली जाऊन वर बघितल्याशिवाय कळायचं नाही. सरांची पाठ दुखायला लागली, तेव्हा त्यांनी सरळ रुमाल अंथरला आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासह मांडवाखाली उताणे झोपले. पाय पुढे सारत, ओळीतून सरकत ते एकेका कागदात बघत आणि ओरडून सांगत. ‘‘बाजार. घ्या. ही रद्दी, राहू द्या. म्हातारी, घ्या, घ्या, काय हात आहेत बघा. शेळी, उलटी आहे, पण तोल बरोबर आहे.’’ मुलं हसत होती, बायका हसत होत्या, सुवर्णा त्यांच्या मागून कागद काढत धावत होती.

एका ओळीच्या टोकाला नाना स्वतः कागद बदलत होते. सोडलेला कागद त्यांनी सहज सरळ केला आणि तसेच उभे राहिले. बाजेवर झोपलेला माणूस होता. एक पाय खाली लोंबणारा, तोंडावर टोपी. सुवर्णा जवळ आली तशी त्यांनी हळूच विचारलं, ‘‘हाऊ मी शे का?’’

ती म्हणाली, ‘‘हो नाना, तुम्हीच.’’

त्यांनी तो कागद इतरांबरोबर दिला नाही. शर्टाच्या आत, छातीशी ठेवला. संध्याकाळी आम्ही निघताना टेम्पोपाशी येऊन तिच्या हातात दिला आणि म्हणाले, हा वर ठेव.

जानेवारीत मुलाखत झाली. मी आणि सर कॉलेजच्या फोनपाशी बसलो होतो. सुवर्णाने सांगितलं ते असं: परीक्षकांनी कागद बराच वेळ चाळले. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, या सगळ्यांना घड्या आणि भोकं कशी? तिने सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी त्यांनी एकच विचारलं, द्राक्षांचं काय झालं? ती म्हणाली, ‘‘चांगली निघाली, मॅडम.’’ दोन्ही वर्षं धरली गेली. फक्त कलेच्या इतिहासाची एक परीक्षा तिथे जाऊन द्यायची होती.

सरांनी टेबलावर टिचकी मारली. ‘‘बघा, खिडकी उघडी ठेवली होती,’’ एवढं म्हणून ते पुढच्या मुलाचा कागद शोधायला लागले.

सुवर्णानंतर आमच्याकडून दर वर्षी कुणी ना कुणी त्याच वाटेने गेलं. सुवर्णा आता बडोद्याला असते, मोठमोठ्या भिंती रंगवते. नाना तिच्या चित्रांचे फोटो लोकांना दाखवताना फोन उलटा धरतात की नाही, ते मला माहीत नाही. सर दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. मी मालेगावला त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीने मला चहा दिला, आणि बसायला त्यांचीच खुर्ची पुढे ओढली.

तेव्हा ईरा, तुझ्या बाबाला सांग की मी त्याच्या बाजूने बोलणार नाही. तुझ्या विद्यापीठाचं शेवटचं वर्ष काय मागतं ते मला पाठव, आपण तिथून मागे येऊ. इंग्रजी मी तपासेन. आणि झटपट काढलेलं काहीही टाकू नकोस.

विद्यापीठात जाताना सुवर्णाने मला एक रेखाटन दिलं होतं, पाणी पिणाऱ्या म्हशीचं. ते मी काचेत बसवून जेवणाच्या टेबलासमोर लावलं आहे. पिनांची भोकं, घड्यांच्या रेघा आणि कोपऱ्यातला बागेवर फवारलेल्या औषधाचा निळसर डाग, सगळं अजून जसंच्या तसं आहे.