चौथ्या मेढीचं डांबर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर गोठ्याच्या लाकडी खांबांना, मेढींना, वाळवी लागू नये म्हणून बुडाशी डांबर लावलं. बायकोने, तानूने डबा धरला, मी कुंचा. तीन मेढी झाल्या आणि डांबर घट्ट झालं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उद्या डबा उन्हात ठेवू, मग लावा." सकाळी चहाला हाक मारली, ती उठली नाही. झोपेतच गेली... एवढंच.

हे डांबर बाजारातलं नव्हे. आणीबाणी उठल्यावर महाडच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड उभी राहिली. कशेडी घाट उतरून येणारे ट्रक तिथं वखारीतल्या ढलप्या, साली, तुकडे टाकून जायचे. ते लोखंडी पिंपात भरायचे, झाकण मातीने लिंपायचं आणि खालून जाळ. हवा शिरली नाही तर लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. तो धूर नळीतून गार करून दुसऱ्या पिंपात उतरवायचा. तळाला डांबर बसतं, वर आंबट पाणी. त्या पाण्यात चुना घालून आटवलं की राखाडी मीठ उरायचं, ते पोत्यांतून मुंबईला जायचं. तिकडे त्याचं ॲसिड करत. मी जाळावर, तानू लिंपायला. चुलीसारखंच लिंपायची, तिची पिंपं कधी फुटली नाहीत.

पहिल्याच वर्षी मी घाईने न निवळलेलं डांबर घरी आणलं आणि पाण्यासकट ढवळून मेढींना फासलं. त्याचे पोपडे गळाले. तानू वाडीभर सांगत फिरली, "भट्टीवर कामाला हाय म्हनं, आन डांबरात पानी घालतो गवळ्यावानी." पुढे डबा तिच्याच ताब्यात. महिनाभर कोपऱ्यात ठेवायची, वरचं पाणी काढून गोठ्यात शिंपडायची, माश्या जायच्या.

शेड बंद पडली तेव्हा मालकाने उरलेले डबे आम्हा कामगारांना दिले. ते तिने पुरवून पुरवून वापरले, मेढीला वीतभरच. आमचा सुरेश डोंबिवलीला असतो. गाय विका, इकडे या, म्हणून कधीचा मागे लागलेला. तानू म्हणायची, "गोठा पडला का येते." आणि दर वर्षी डांबर लावून तो पडू देत नव्हती. मी मधे बोलत नसे. मला कुठेही चाललं असतं.

तानूच्या जलदानविधीला सुरेश आला. गायीला पोलादपूरचं गिऱ्हाईक बघून ठेवलंय म्हणाला. "बाबा, आता इथं कोणासाठी राहायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उन्हात ठेवला. डांबर सुटल्यावर चौथ्या मेढीला लावलं, वीतभर. डबा धरायला कोणी नव्हतं, पायांत धरला. सुरेश दारातून बघत होता. त्याला म्हटलं, गिऱ्हाइकाला नाय म्हणून सांग. मग गाय चरायला सोडली.