ह्यांच्या पुढ्यातला ग्लास

सून म्हणाली, "आई, उद्या समुद्राकाठच्या एका गावी जाऊ. तिथं वर्मूथचा जुना कारखाना आहे, बघण्यासारखा." मी विचारलं, वर्मूथ म्हणजे काय गं? "वाइनमध्ये झाडपाला मुरवतात," ती म्हणाली. म्हणजे दारूच की. माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या ह्यांची दारू सुटून बरीच वर्षं झाली. आमच्या गावच्या छावणी भागातल्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, एक घोट जरी गेला तरी सगळं पहिल्यापासून सुरू होईल. लेकाचं लग्न जमवताना ही गोष्ट व्याह्यांपासून आम्ही लपवली, त्यामुळं सुनेला काही ठाऊक नव्हतं आणि मला तोंड उघडता येईना. लेकाला बाजूला घेतलं, तर तो म्हणतो, "आई, बाबा आता चांगले आहेत. अजून किती भ्यायचं?" बोलायला त्याचं काय जातंय? तो गंगापूरला मामाकडं शिकला. त्यानं बघितलंच काय!

फ्रान्स बघायला म्हणून संभाजीनगरहून एवढ्या लांब आलो, आणि बघायचं काय, तर हे. कारखान्याच्या अंगणात लाकडी पिंपांच्या रांगाच्या रांगा, उघड्यावर. माहिती सांगणारी बाई बोलायची, लेक मराठीत सांगायचा. ही वाइन वर्षभर ऊन, पाऊस, समुद्राचं वारं खात मुरते म्हणे. मी लिंबाचं लोणचं गच्चीवर उन्हात ठेवते, तसंच. सगळ्या अंगणात वास भरून राहिला होता. लोक पिंपांचे फोटो काढत होते. माझं लक्ष ह्यांच्या नाकाकडं.

पुढं एका खोलीत टोपल्या मांडलेल्या. धणे, जायफळ, संत्र्याची साल. एका टोपलीतल्या वाळक्या काड्यांना तर थेट आपल्या दवण्याचा वास. एरवी मी किती हरखले असते. पण ह्यांनी त्यातली चिमूट नाकाशी नेली आणि डोळे मिटून घेतले.

शेवटी टेबलाशी बसवलं आणि प्रत्येकापुढं छोटा ग्लास भरून ठेवला. ह्यांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले होते.

"बाबा, घ्या ना," सून लाडानं म्हणाली. "इथं सगळे चाखतात."

लेक खिडकीबाहेर बघायला लागला. ह्यांचा एक हात मांडीवरून उठला. उभ्या जन्मात कधी थेंब शिवला नव्हता, पण मी ह्यांच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. मग माझाही प्याले, म्हणजे कुणाला वेगळं काही वाटायला नको.

सून बघतच राहिली. "लई तहान लागली होती," मी म्हणाले.

आधी कडू लागलं, मग गोड. मग पोटात हळूहळू ऊब उतरली आणि कालपासूनचा गोळा विरघळला. कालपासूनचा कशाला, माझ्या लग्नापासूनचा. लेक, सून, डॉक्टर, कुणाचीच भीती उरली नाही. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. बाटली तिथंच टेबलावर होती. ग्लास पुढं सरकवला तो मीच.

ह्यांनी माझं मनगट धरलं.

"बास," हे हळूच म्हणाले. "मला बी पहिल्या दिवशी असंच बरं वाटलं होतं."