वेगळं म्हणजे किती वेगळं?

चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या आमच्या डिझाइन स्टुडिओत किस्से जमवावे लागत नाहीत. दोन डिझायनर समोरासमोर बसवायचे, ‘हे दोन कॉन्सेप्ट सारखे वाटतात का हो?’ एवढं विचारायचं आणि आपण कॉफी घेऊन बाजूला व्हायचं. माझं काम क्लायंट सांभाळायचं, त्यामुळे तमाशा फुकट बघायला मिळतो.

सध्याचे सगळे किस्से एका वेट ग्राइंडरचे. इडलीचं पीठ वाटायचं हे यंत्र इथे घरोघरी असतं. टीम दोघांची. सीनियर माधवराव, पिढ्यान् पिढ्या तंजावरचे मराठी. आणि साताऱ्याची ऋतुजा, प्रोबेशनवर. तिचं डिझाइन क्लायंटने घेतलं तर नोकरी पक्की, नाहीतर परत सातारा. पोरीची झोप उडाली होती.

*

आमची पद्धत अशी, की सगळी स्केचेस भिंतीवर लावायची आणि सारखी वाटतील ती जवळजवळ चिकटवायची. ऋतुजाने गोल गोलांजवळ लावली, चौकोनी चौकोनींजवळ. माधवरावांनी ते सगळं काढलं आणि ग्राइंडरशेजारी काँक्रीट मिक्सरचा फोटो डकवला!

“सर, हे काय?”

“दोघांचं काम एकच की, अम्मा! ड्रम फिरतो, कालवतो, ओततो.”

“मग मेट्रोच्या साइटवर इडल्या का मिळत नाहीत?”

त्यानंतर माधवराव दिवसभर तमिळमध्येच बोलले.

*

एकदा ऋतुजा तणतणत आली. “ताई, सरांनी माझं हँडल ढापलं!”

मी दोन्ही कागद उजेडात धरले. शप्पथ सांगते, रेघेचा फरक नव्हता! माधवरावांना विचारलं, तर ते मनापासून दुखावले.

“छे छे! तिचं हँडल हसतंय. माझं गंभीर आहे.”

गंभीर कुठलं, ते मी अजून शोधतेय.

*

हेच माधवराव बायकोबरोबर मैलापूरला साडी घ्यायला गेले. कमलाबाईंनी दोन साड्या पुढे धरल्या, एक मोरपंखी आणि एक शेवाळी. “कोणती घेऊ?”

“दोन्ही एकच ना?”

राखाडीच्या दोन छटांवरून ऑफिसात तासभर भांडणारा माणूस हा! कमलाबाईंनी दोन्ही घेतल्या.

*

मग प्रेझेंटेशनचा दिवस आला. क्लायंट मॅडमची अट होती, तीन अगदी वेगळे कॉन्सेप्ट हवेत, नाहीतर काम दुसऱ्या स्टुडिओला. माधवरावांचे दोन होते, ऋतुजाचा एक. एकाचा ड्रम कलायचा, एकाचा सुटा निघायचा, एकातून पीठ खालून बाहेर यायचं. रंग मात्र तिन्हींचा स्टीलचा.

मॅडमनी एक नजर टाकली. “एल्लाम् ओण्णुदाने!” म्हणजे, सगळं एकच की!

ऋतुजा पांढरीफटक पडली. मला तिच्याकडे बघवेना. माधवराव आतली यंत्रणा समजावू लागले तशा मॅडम घड्याळ बघू लागल्या. शेवटी मीच सगळ्यांना जेवायला उठवलं.

जेवणानंतर ऋतुजाने परत स्क्रीन लावला. एक लाल ग्राइंडर, एक हिरवा, एक पिवळा.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. “हे बघा! आता कसे तीन वेगळे!” आणि जागच्या जागी हिरवा पक्का केला.

मॅडमना सोडून आम्ही तिघं लिफ्टने वर येत होतो. माधवराव विचारात पडले होते.

“अगं, पण तिन्ही तुझंच डिझाइन होतं. माझे दोन कुठे गेले?”

“सर, तुमच्या दोन्हींत मला काही फरकच दिसेना. म्हणून एक काढला.”

“सरी, बरं. आणि दुसरा?”

“तो माझ्यासारखाच वाटला, सर.”