कॅसेटमधली म्हैस

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. त्या वर्षी पंचायत समितीकडून शाळेला टेपरेकॉर्डर मिळाला, सोबत मराठीच्या धड्यांची एक कॅसेट. हेडमास्तरांनी सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद केली, टेप पुन्हा खोक्यात घातला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"मुलांच्या हाती लागला की मोडला म्हणून समजा," ते म्हणाले. "जाब मला विचारतील, बाई."

त्यांची निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे त्यांची भीती मला कळत होती. तरी मी महिनाभर मागे लागले. शेवटी रजिस्टरवर माझी सही घेऊन त्यांनी परवानगी दिली. आठवड्यातून एक तास, आणि बटण फक्त बाईंनी दाबायचं.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. त्यात एक मुलगी अजिबात बोलत नसे. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. याला कारण मीच होते. मी धुळे शहरात वाढलेली, घरात पुस्तकी मराठी; गावातली मुलं मात्र घरच्या बोलीत बोलायची. नवीन होते तेव्हा ती मला म्हणाली होती, "बाई, मले तहान लागनी." मी तिला सगळ्यांसमोर चार वेळा "मला तहान लागली" म्हणायला लावलं. पाणी पिऊन ती जागेवर बसली, ती गप्पच झाली. आपण चांगलं शिकवलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

एका शनिवारी धडा ऐकवत असताना हेडमास्तरांनी कुठलासा तक्ता भरायला बोलावलं. मी टेप बंद केला, पण टेबलावरच ठेवून गेले. परत आले तर वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. मला बरंच वाटलं. खोकं उचलून कपाटात ठेवून दिलं.

पुढच्या आठवड्यात विस्तार अधिकारी तपासणीला आले. माझ्या वर्गात बसले आणि म्हणाले, "कॅसेट लावा, बघू मुलं कशी ऐकतात ते."

मी कॅसेट मागे फिरवून लावली, धडा सुरू झाला. दोन-चार वाक्यं झाली, खट्‌ असा आवाज आला आणि कॅसेटमधून एक बारीक आवाज बोलू लागला.

"आमनी म्हैस नदीमा बसेल व्हती. बठ्ठा वरडनात, पन ती उठनी नही..."

वर्गात खसखस पिकली. आवाज कुणाचा ते मुलांना ठाऊक होतं. मला मात्र ओळखायला वेळ लागला, कारण तो मी कधी नीट ऐकूनच घेतला नव्हता. ती मुलगी मान खाली घालून पाटीमागे लपली होती. साहेबांशेजारी बसलेले हेडमास्तर झटकन उठले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"चूक माझी आहे, साहेब. मी टेप उघडा टाकून बाहेर गेले होते."

मी बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी खुणेनं थांबवलं. गोष्ट अर्ध्यातच तुटली होती. बहुधा त्या शनिवारी तिला माझी चाहूल लागली असावी. साहेब वर्गाकडे वळले.

"मग? सगळे ओरडले, पुढे म्हैस उठली की नाही?"

मग पाटी खाली आली आणि ती उभी राहिली.

"उठनी," ती म्हणाली. "मना भाऊनी कान धरा."

साहेब हसले. पण जाताना मला म्हणाले, "शासकीय कॅसेट पुसली गेली आहे. लेखी खुलासा द्या."

मी घडलं तसं लिहिलं. हेडमास्तरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली एक ओळ वाढवली: शाळेस एक कोरी कॅसेट मिळावी.

मला ताकीद मिळाली. दोन महिन्यांनी धड्यांची नवी कॅसेट आली आणि एक कोरीही. हेडमास्तरांनी धड्यांच्या कॅसेटच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे चाकूनं मोडले. "आता कुणी कितीही दाबलं तरी पुसणार नाही," ते म्हणाले आणि टेप मुलांपुढे सरकवला.

त्यानंतर फळ्यावर पाळी लिहिली जाऊ लागली. ज्याची पाळी त्यानं बटण दाबायचं, घरच्या बोलीत काय हवं ते सांगायचं. मग आम्ही सगळे ते ऐकत ऐकत पुस्तकातल्या मराठीत वहीत उतरवायचो. एखादा शब्द मला कळला नाही तर मुलं मला शिकवायची. टेप एकदाही मोडला नाही.

ती मुलगी हजेरीला ओरडून "हजर" म्हणू लागली. एका दुपारी तिची आई कापूस वेचून परस्पर शाळेत आली, दारातच उभी राहिली. मी टेप लावला.

"बाई, हाई मनी पोर शे?"

"तुमचीच आहे, अक्का."

ती उंबऱ्यावर टेकली. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "आखो लावा."

पुन्हा बटण दाबायला मी मुलीलाच बोलावलं.